मदत हवी आहे : लांबट कार्यालयाच्या मधल्या भागात दिवसाचा उजेड कसा आणावा?

लक्ष्मीपुरीकर :
कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचे कर सल्लागाराचे कार्यालय आहे. रुंदी 28 फूट आणि लांबी 72 फूट. दोन्ही बाजूंच्या इमारती भिंतीला भिंत लागून असल्याने उजेड केवळ पुढून आणि मागून येतो. मध्ये बसणारे सहा जण सकाळी दहापासून ट्यूबलाइटखाली काम करतात; बाहेर पाऊस आहे की ऊन, हे त्यांना आलेल्या पक्षकारांकडून कळते. दोघींनी डोकेदुखीमुळे जागा बदलून मागितली आहे आणि ती मला देता येत नाही, याचे फार वाईट वाटते. पुढच्या आठवड्यात रंगकाम सुरू होणार आहे. त्याआधी काय करता येईल, ते कृपया लवकर सांगावे. नुसत्या पांढऱ्या रंगाने भागणार नाही, हे मला ठाऊक आहे.

उंबरठा :
एवढ्या माहितीवर उत्तर देता येणार नाही. कार्यालय कितव्या मजल्यावर आहे, वरची गच्ची कोणाच्या मालकीची आहे, खिडकीची वरची कड जमिनीपासून किती उंच आहे आणि रस्ता कोणत्या दिशेला आहे, हे आधी कळवावे. फॉल्स सीलिंग आहे का?

ऊर्जामित्र :
गच्ची आपली असेल तर सौर पॅनेल बसवावेत. मी घरी बसवले आहेत आणि वीजबिल पुष्कळ उतरले आहे. मग दिवसभर दिवे लावले तरी चिंता नाही.

लक्ष्मीपुरीकर :
ऊर्जामित्र, अडचण वीजबिलाची नाही, माणसांना दिवसाचा उजेड मिळत नाही ही आहे. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे सर्वांत वर आहे आणि गच्ची आमचीच आहे. स्लॅब साडेदहा फुटांवर, फॉल्स सीलिंग 8 फुटांवर आणि खिडकीची वरची कड 7 फुटांवर आहे. रस्ता पश्चिमेला आहे. दुपारनंतर ऊन थेट टेबलावर येते म्हणून पुढचे पडदे सकाळपासून बंदच असतात. सगळीकडे असेच असते असे वाटल्याने हे लिहिले नव्हते.

उंबरठा :
मग निम्मे उत्तर या बंद पडद्यांतच आहे. दुपारी तीनच्या उन्हासाठी सकाळचा सगळा उजेड अडवला जातो आहे. पडदे सकाळी उघडे राहतील अशी शिस्त लावावी आणि बाहेरून उभ्या पट्ट्या बसवाव्यात; पश्चिमेचे ऊन खालून तिरपे येते, त्यामुळे आडवा छज्जा तिथे फारसा कामाचा नाही.

उरलेले गणित असे. खिडकीतून येणारा उजेड साधारणपणे तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीच पट आत पोहोचतो. 7 फुटांची कड म्हणजे फार तर साडेसतरा फूट, दोन्हीकडून मिळून 35. फॉल्स सीलिंग काढले आणि लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) तसेच ठेवून त्याच्यावरची वीट बीमच्या तळापर्यंत फोडून काचेची झडप बसवली, म्हणजे कड 9 फुटांवर गेली, तर दोन्हीकडून 45 फूट होतात. तरीही मधला 27 फुटांचा पट्टा उरतोच आणि तिथे उजेड वरूनच आणावा लागेल.

साचा_आणि_रस :
उद्यमनगरातल्या फाउंड्रीत मी 30 वर्षे काढली. करवतीच्या दात्यांसारखे छप्पर आणि दात्यांच्या उत्तर बाजूला काचा, एवढ्यावर आम्ही दिवसा दिवा न लावता साचे तपासत होतो. सावली टोचत नसे, डोळा दिपत नसे. गच्चीवर असेच दोन दाते उभारावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

उंबरठा :
काका, कोल्हापूर 16.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या काचेतूनही ऊन येईल.

साचा_आणि_रस :
येते, पण किती? 21 जूनलाही तो भर दुपारी माथ्यापासून सातच अंश ढळलेला असतो. हातभर छज्ज्याने तो अडतो. शिवाय जून लागला की आपल्याकडे आभाळ भरलेले असते.

उंबरठा :
दुपारपुरते मान्य आहे, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाचे मात्र नाही. त्याहून मोठी अडचण अशी, की शेडवर पत्रा असतो आणि इथे स्लॅब आहे. दात्यांसाठी तो मोठ्या भागात तोडावा लागेल.

चौकातली_तुळस :
त्यापेक्षा प्रकाशनळ्या बसवाव्यात. गच्चीवर पारदर्शक घुमट, मधे आतून आरशासारखी नळी आणि खाली दुधी काच. छिद्र लहान लागते आणि उष्णताही उघड्या काचेपेक्षा कमी येते. पूर्ण झाकोळलेल्या आकाशात माथ्यावरचा भाग क्षितिजाजवळच्या भागाच्या तिप्पट उजळ असतो, म्हणून पावसाळ्यात वरची तोंडे बाजूच्या खिडकीपेक्षा अधिक उपयोगी पडतात. आमच्या जुन्या वाड्याचा चौक श्रावणातही उजळ राहत असे, त्याचे कारण हेच.

लक्ष्मीपुरीकर :
ही नळी आमच्या ओळखीच्या डक्टवाल्याकडून साध्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची करून घेतली तर चालेल का?

चौकातली_तुळस :
कृपया तसे करू नये. 98 टक्के प्रकाश परतवणाऱ्या नळीत पाच वेळा आपटून सुमारे 90 टक्के उजेड खाली उतरतो. पत्रा 70 टक्के परतवतो असे धरले, तर पाच आपटींनंतर 17 टक्केच उरतो. नळी सरळ आणि शक्य तितकी आखूड ठेवावी.

लक्ष्मीपुरीकर :
सर्वांचे आभार. काल पडदे उघडले, फॉल्स सीलिंगचे पुढचे तक्ते उतरवले आणि दिवे बंद करून पाहिले. तिसऱ्या रांगेपर्यंत वाचता येते. मधल्या टेबलांवर मात्र नाही. त्यामुळे रंगकाम पुढे ढकलतो आहे. आधी सीलिंग आणि झडपा, मग नळ्या. स्लॅब कुठे कापावा, एवढेच आता सांगावे.

उंबरठा :
ते इथे कोणीही सांगू नये. स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावून, जुना नकाशा नसेल तर सळया कुठून गेल्या आहेत हे यंत्राने तपासून घ्यावे. बीमला हात लावू नये आणि हातोड्याने न फोडता कोर कटिंग, म्हणजे यंत्राने गोल छिद्र कापून घेणे, करावे. महानगरपालिकेची परवानगी लागते का, हेही त्यांच्याकडूनच समजून घ्यावे. प्रत्येक छिद्राभोवती गच्चीवर वीतभर उंचवटा बांधून त्यावर वॉटरप्रूफिंग चढवावे. हे सगळे मेअखेर पूर्ण होणार नसेल, तर छिद्रे दिवाळीनंतरच पाडावीत.