भाऊ टीबीच्या गोळ्या मधेच सोडतोय, समजावून थकलो

लूमवाला_इचल
धाकटा भाऊ, २६ वर्षांचा, पॉवरलूमवर रातपाळीला असतो, तिकडेच खोलीवर राहतो, सुट्टीला घरी येतो. बेडका पॉझिटिव्ह आला, सरकारी गोळ्या चालू केल्या, दोन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढलं आणि आता त्याच्या गादीखाली अख्ख्या स्ट्रिपा सापडल्या. विचारलं तर "घेतो की" एवढंच. आईचं रडून झालं, माझं ओरडून झालं, एमडीआरचे, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे व्हिडिओ दाखवले, तेवढ्यापुरतं हो हो करतो. आता रोज तिथे जाऊन समोर उभं राहून गिळायला लावू का? काका म्हणतात सरळ ॲडमिट करा आणि तोवर ताट-वाटी वेगळी ठेवा.

आरोग्यताई
दादा आधी ओरडणं बंद करा. ओरडलं की पेशंट गोळ्या घेत नाही, लपवायला शिकतो. मी टीबीचंच काम करते. "किती चुकवल्यास?" असं विचारलं की हमखास खोटं उत्तर येतं, त्यापेक्षा "रातपाळीत गोळ्यांचं जमवणं अवघडच आहे, नेमकं कुठे अडतंय?" असं विचारून गप्प बसा. रातपाळीवाल्यांचं बहुतेक वेळा हेच असतं, सकाळी थकून आला, उपाशीपोटी गोळ्या घेतल्या, मळमळलं, झोपेचं खोबरं. वेळ बदलून मिळू शकते, डॉक्टरांशी बोला. लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिन या टीबीच्याच औषधामुळे, हे कोणी सांगितलेलं नसेल तर घाबरूनच सोडतात लोक. आणि मुख्य म्हणजे गॅप किती पडला ते एसटीएसना (सरकारी टीबी उपचारांवर देखरेख करणारे) खरं सांगा, महिन्याच्या वर असेल तर परत तपासावं लागतं. मनाने चालू करू नका. ताट-वाटीने टीबी पसरत नाही, ते आजच थांबवा.

सांख्यिकी_भाऊ
समोर उभं राहण्याबद्दल. पाकिस्तानात यावर ट्रायल झाली होती, २००१ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आली. तीन गट केले. आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गोळी घेणारे ६४ टक्के बरे झाले, घरच्यांसमोर घेणारे ५५ आणि स्वतःहून घेणारे ६२, म्हणजे नजर ठेवून म्हणावा तसा फरक पडला नाही. आणि काकांना सांगा, ॲडमिट करण्याचा वाद मद्रासच्या अभ्यासाने १९५९ मध्येच मिटवलाय, घरी गोळ्या घेणारे सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या हॉस्पिटलात ॲडमिट असलेल्यांइतकेच बरे झाले, तेही घरचं खाणं बेताचं असताना. प्रकृती गंभीर असेल तर गोष्ट वेगळी.

कोल्हापुरी_ठसका
हे सगळे लाड आहेत. सरकार गोळ्या फुकट देतंय, वर खाण्यापिण्यासाठी महिन्याला हजार रुपये खात्यात, तरी यांना गिळवत नाही.

सांख्यिकी_भाऊ
@ठसका साहेब, त्या पैशांना लाड म्हणत असाल तर झारखंडचा अभ्यास बघा, २०२३ मध्ये आलाय. पेशंटच्या घरच्यांना तांदूळ, डाळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या तर त्या घरांत नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. पोटात अन्न असणं हा उपचाराचाच भाग आहे. बरं वाटायला लागलं की गोळी सोडणं हे बीपी-शुगरवाले शिकले-सवरलेले पण करतात, त्यांना कोण लाडावलेलं म्हणत नाही.

लूमवाला_इचल
ताई तुम्ही सांगितलं तसं विचारलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला खोलीत सहाजण राहतात, स्ट्रिप बघितली तर शेठपर्यंत जाईल आणि लूम दुसऱ्याला देतील. मळमळ पण आहे, पण खरं हेच. आणि हा कधीमधी दारू पण घेतो, आधी ती सोड म्हणून सांगू का?

आरोग्यताई
आधी गोळ्या. दारूचं डॉक्टरांना सांगाच, लिव्हरचा प्रश्न असतो, पण "दारू सोडलीस तरच ये" अशी अट घातलीत तर दोन्हीकडून जाईल. स्ट्रिपा खोलीवर ठेवायच्याच कशाला, तुमच्याकडे ठेवा, सुट्टीला आला की आठवड्याच्या घेऊन जाईल. गोळ्या पाकिटातून बाहेर काढून ठेवायच्या नाहीत, दमट होतात, स्ट्रिपच कापून डब्याच्या पिशवीत द्या. उद्या सेंटरला तुम्ही पण जा सोबत, आणि आईचा एक्स-रे राहिला असेल तर तोही करून घ्या.