मराठी पुस्तकांसाठी ई-रीडर: सहा इंची घ्यावं की दहा इंची?

तापीकाठ (चोपडा):
घरात पुस्तकांची दोन कपाटं भरली, नव्यांना जागा नाही. खान्देशच्या इतिहासावरच्या जुन्या पुस्तकांच्या पीडीएफही संगणकावर बऱ्याच साठल्यात, पण मोबाइलवर वाचून डोळे दुखतात. किंडल, म्हणजे अॅमेझॉनचं ई-रीडर, घ्यायचा विचार आहे. सहा इंची पुरेल का? पीडीएफमधली अक्षरं मोठी करता येतात का? आणि आपल्याकडच्या मे महिन्यात हे यंत्र टिकतं का?

पांझरा (धुळे):
भाऊ, यंत्र नंतर ठरवा, आधी फायली तपासा. प्रत्येक पीडीएफ संगणकावर उघडून एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी नीट उमटलं तर फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात आहे. इंग्रजी अक्षरांचा गिचका आला तर ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली. प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टचं नाव दिसतं, मजकूर युनिकोडमध्ये आणायला त्याच फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर वापरावा लागतो. ओळ निवडताच येत नसेल तर ते स्कॅन, म्हणजे नुसते फोटो. युनिकोड असूनही पहिली वेलांटी पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकलेली असते, तेही बघा.

पीडीएफमध्ये अक्षरांचा आकार बदलत नाही, पानच मोठं करून सरकवत बसावं लागतं. अक्षरं हवी तशी वाढतात ती ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये.

तापीकाठ:
तपासलं. जवळपास सगळे स्कॅनच निघाले, डेमी आकाराचे.

पांझरा:
मग हिशेब असा. डेमी पान साधारण १४ बाय २१.५ सेंटिमीटर, सहा इंची पडदा ९ बाय १२. पूर्ण पान बसवलं तर मजकूर छापील आकाराच्या जेमतेम ५५ टक्के दिसतो. जुन्या खिळ्यांच्या छपाईत तेवढ्यात अनुस्वारही ओळखू येत नाही. समास कापून यंत्र आडवं धरलं तर ओळ पूर्ण आकारात मावते, मात्र एक पान दोन-तीन टप्प्यांत वाचावं लागतं. समास कापायला के-टू-पीडीएफ-ऑप्ट हे मोफत साधन आहे. त्यातली शब्द नव्याने मांडायची सोय बंदच ठेवा, कारण दाट ओळींत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला टेकतो आणि ओळी चुकीच्या तुटतात.

तुमचं वाचन मुख्यतः स्कॅनचंच असेल, तर माझं स्पष्ट मत दहा इंचीकडे. कथा-कादंबऱ्यांची ई-पुस्तकं विकत घेऊन वाचायची असतील तर सहा-सात इंची हातात हलकं पडतं, तेच घ्या.

सातपुडा (शहादा):
एखाद्या पुस्तकाचा ईपब करायचाच असेल तर पीडीएफचे दहा-दहा पानांचे तुकडे करा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. मजकूर ओळखला जातो. तुकडा २ एमबीच्या आत ठेवा. घ-ध, भ-म आणि रफार इथे हमखास चुका होतात, मूळ पान शेजारी ठेवूनच तपासा. डॉक्समधूनच ईपब उतरवता येतो.

तो केबलने किंडलमध्ये टाकलात तर यादीत दिसणारच नाही. अॅमेझॉनच्या सेंड टू किंडल या सेवेने पाठवा: ईमेलने ५० एमबीपर्यंत, वेबसाइटवरून २०० एमबीपर्यंत. ईमेलने पाठवताना आपला पत्ता आधी अॅमेझॉनच्या मान्य यादीत घालावा लागतो. मोठे स्कॅन मात्र केबलने सरळ डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाका. पीडीएफवर त्याचा परिणाम होत नाही.

केळीबाग (रावेर):
उन्हाचं सांगते. किंडल वापरायची मर्यादा ३५ अंश आणि ठेवायची ४५ अंश सेल्सिअस. भुसावळ-जळगावचा मे याच्याही वर जातो. उजेडाची अडचण नाही, ई-इंक, म्हणजे किंडलचा कागदासारखा पडदा, उन्हात उलट जास्त स्वच्छ दिसते, धोका बॅटरीला. पत्र्याखाली, बंद गाडीत, दुचाकीच्या डिकीत ठेवू नका, आणि चार्जिंग पहाटे किंवा रात्री करा. पडद्याच्या आत काच असते, एसटीच्या गर्दीत पिशवी दाबली गेली की तडकते. कडक कव्हर सोबतच घ्या.

कपाटं रिकामी करण्याआधी एक लक्षात घ्या. विकत घेतलेलं ई-पुस्तक म्हणजे वाचायचा परवाना असतो, ते गावच्या वाचनालयाला देता येत नाही. २६ फेब्रुवारी २०२५ पासून तर अॅमेझॉनवरून ते संगणकावर उतरवून केबलने टाकायची सोयही बंद झाली. नकाशे, वंशावळी, कोश आणि दुर्मीळ आवृत्त्या कागदावरच ठेवा. कपाटातून हलवायच्या त्या सहज पुन्हा मिळणाऱ्या कादंबऱ्या.