मदत हवी आहे: घरच्या बिअरमध्ये साका आणि तरंगणारे कण, बाटल्या भरू का थांबू?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत असतो, तळघरात बिअर करतो. ही तिसरीच खेप. साधी पेल एल (फिकट रंगाची बिअर), ५ गॅलन (म्हणजे साधारण १९ लिटर), यीस्ट यूएस-०५ जातीचं. आज सोळावा दिवस. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर आंबत जाते तशी ती उतरते) १.०५२ होती. तीन दिवसांपूर्वी १.०११ आली, आजही तेवढीच. म्हणजे आंबणं संपलं असं मी धरून चाललोय.

तळाशी दोन बोटं करडा साका आहे. त्याचं काही वाटत नाही, पहिल्या दोन्ही वेळा होताच. घोर लागलाय तो वरच्या ऐवजाचा. काचेच्या कार्बॉयवर (बिअर आंबवायच्या मोठ्या बरणीवर) टॉर्च मारला तर मधल्या थरात हिरवट भुसा फिरताना दिसतो आणि वर तांदळाच्या कण्यांएवढे पांढुरके पुंजके तरंगतायत. पाच दिवसांपूर्वी वासासाठी ५६ ग्रॅम कॅस्केड जातीच्या हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या) गोळ्या तशाच आत टाकल्या होत्या. पिशवीत घालायचा आळस केला, कबूल. वास चांगला आहे, संत्र्याच्या सालीसारखा. घोटभर चाखली तर घशाला जरा खवखवली.

मेहुणा म्हणतो, पातळ फडक्यातून गाळून घे. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "तुरटी फिरव की दोनदा." बिअर नितळ करायला जिलेटिन घालतात असं वाचलंय, पण ते प्राण्यांपासून काढतात, बायको शाकाहारी आहे आणि पिणाऱ्यांत तीही आहे, त्यामुळे ते बाद.

खेप नासली आहे का? आणि शनिवारी बाटल्या भरू का?

प्रतिसाद:

नासलेली नाही. नासते तेव्हा वर पापुद्रा धरतो, दुधावरच्या सायीसारखा, सुरकुतलेला, मध्ये बुडबुडे अडकलेले. तुमचे पुंजके यीस्टचे आहेत आणि भुसा हॉप्सचा. खवखवही त्याचीच, तो बसला की कमी होईल.

फडक्यातून अजिबात गाळू नका! आंबून झालेल्या बिअरला हवा लागली की महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्याची चव येते. तुरटी आईंच्या पिंपासाठीच राहू द्या.

कण तळाशी बसावेत म्हणून १-२ अंश सेल्सिअसवर दोन दिवस ठेवा. थंड होताना आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं (तोंडावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेतलं) पाणी आत ओढलं जातं, म्हणून आधी त्यात व्होडका भरा. बाटल्या भरायच्या आदल्या रात्रीच कार्बॉय टेबलावर चढवून ठेवा, नाहीतर सगळा साका पुन्हा ढवळला जाईल. बिअर ओढून घ्यायच्या नळीच्या (सायफनच्या) आतल्या टोकाला उकळलेली हॉप्सची पिशवी बांधा, टोक साक्याच्या वर ठेवा आणि शेवटच्या लिटरभराचा मोह सोडा. गॅस धरण्यापुरतं यीस्ट थंडीनंतरही शिल्लक असतं, त्यामुळे बाटल्या भरताना गॅससाठी घालायची साखर नेहमीइतकीच, ११० ग्रॅमच्या आसपास.

पुढच्या वेळी बिअर नितळ व्हायला उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत आयरिश मॉस टाका. समुद्री शेवाळ आहे, वहिनींना चालेल.

धागाकर्ता:

आभार! फ्रिजमध्ये कार्बॉय मावेना, पण गॅरेजमध्ये सध्या रात्री ३ अंश असतं. मेहुण्याला हाताशी घेऊन तिथेच नेऊन ठेवला. (फडक्याचा विषय त्याने पुन्हा काढला.) आज सकाळी टॉर्च मारला, वरचे पुंजके गेलेत. भुसा अजून थोडा फिरतोय. शनिवारऐवजी सोमवारी भरतो.