हाताने पाहिलेले रान: काही अनुभव

शेतावर, जंगलात किंवा नदीकाठी फिरताना झाडाला, मातीला, दगडाला मुद्दाम हात लावून काही सुचले असेल आणि ते पुढे चित्रात, मूर्तीत, शिवणकामात किंवा कवितेत उतरले असेल, तर ते लिहून पाठवावे, अशी विनंती मी विदर्भातल्या परिचितांना केली होती. बोटाच्या टोकाला 2 ते 3 मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगवेगळे कळतात. पाठीवर तेच बिंदू जवळजवळ 4 सेंटिमीटर दूर नेल्याशिवाय एकच वाटतात. इतके तल्लख साधन जवळ असताना आपण चित्र काढायला निघतो ते बहुधा फक्त डोळे घेऊन. ‘मन प्रसन्न झाले’ एवढ्यावर थांबू नये, हाताला नेमके काय लागले ते लिहावे, एवढीच अट होती.

चित्रकला शिक्षक, आर्णी तालुका, यवतमाळ

जुलैमध्ये सातवीच्या मुलांना पांदणीने नेले. जोडीतल्या एकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, दुसऱ्याने त्याला एका झाडापाशी न्यायचे, झाड चाचपू द्यायचे आणि आडवळणाने परत आणायचे; मग रुमाल सोडून त्याने आपले झाड शोधायचे. बहुतेकांना ते सापडले, आणि कसे ओळखले हे विचारल्यावर कोणीही पानाचे नाव घेतले नाही. ‘गुडघ्याएवढ्या उंचीवर एक खड्डा होता,’ असे उत्तर आले.

त्यानंतर सागाचे पान हाती दिले. जून पान कानशीसारखे खरखरीत लागते, आणि कोवळे पान तळहातावर चुरगळले की हात लाल होतो. मुलांनी त्याच लाल रंगाचे ठसे कागदावर उठवले. एका मुलीने सागाचे पान हिरवे न रंगवता पेन्सिलीने दाट ठिपक्यांचे काढले. मी तिला रंग भरायला सांगणार होतो, पण तिने माझे बोट धरून पानावर फिरवले, तेव्हा गप्प बसलो. खोडावर कागद ठेवून खडू घासण्याची रीत मी वर्षानुवर्षे शिकवतो. माक्स अर्न्स्ट या चित्रकाराने 1925 मध्ये लाकडी जमिनीच्या रेषांवरून हेच तंत्र उचलले, ही माहितीही सांगतो. मात्र आधी हात न फिरवता घासलेला कागद आणि नंतर घासलेला कागद यांत फरक पडतो, हे मला त्या दिवशी दिसले: हात फिरवलेली मुले खडू कुठे दाबायचा ते ठरवत होती.

पडदे रंगवणारा, देसाईगंज (वडसा), गडचिरोली

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे पडदे मी रंगवतो. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, त्यामुळे आमचे खरे काम पावसाळ्यात चालते. जंगलाचा पडदा म्हटला की मी तीस वर्षे सगळी खोडे एकाच तपकिरी रंगात, एकाच ओढीने उतरवत आलो. एकदा एप्रिलमध्ये रस्त्यात गाडी बंद पडली आणि दोन तास जंगलात काढावे लागले. वेळ जाईना, म्हणून झाडांना हात लावत बसलो. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तुकड्यांत फुटलेली असते हे मला ठाऊक होते, पण भेगेत बोट घातल्यावर पेरभर आत जाते आणि आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा मऊ असते, हे ठाऊक नव्हते. शेजारीच कडईचे पांढुरके झाड होते. तिची साल कागदासारखी सुटत होती, आणि त्या उन्हातही तळहाताला ती ऐनापेक्षा थंड लागली.

त्या वर्षी मी सरसात धानाचा तूस कालवून पडद्यावर ऐनाची साल उभी केली. दिव्याच्या उजेडात तिची सावली पडे आणि लोकांनी टाळ्या दिल्या. पण पडदा गुंडाळावा लागतो, हे मी विसरलो होतो. दुसऱ्या प्रयोगात पडदा उघडताच निम्मे जंगल महाराजांच्या फेट्यावर गळून पडले. आता तूस वापरत नाही. भेग आधी गडद रंगवून तिची आतली कड कोरड्या ब्रशने हलकी उचलतो. बोटाला जे लागले तेच ब्रशने सांगायचे असते, हे कळायला एक पडदा वाया गेला.

कापूस वेचणारी, देवळी तालुका, वर्धा

मी ओव्या रचते, म्हणून मलाही लिहायला सांगितले. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. दिवाळीपासून कापूस वेचताना वाळलेल्या बोंडांची टोके बोटांना ओरबाडतात, आणि महिनाभराने बोटांना कापूस लागतच नाही, फक्त हात चालत राहतो. त्या काळात मला एकही ओवी सुचत नाही. स्पर्शाने कविता सुचते असे म्हणणाऱ्यांनी आमचे हात धरून पाहावेत. होळीच्या सुमारास कातडी नवी येते. तेव्हा धुऱ्यावरच्या पळसाची कळी चिमटीत धरली की तिचे काळपट मखमली आवरण बोटाला पुन्हा लागते, आणि ओव्या येतात त्या तेव्हाच.

मेळघाटाच्या पायथ्याचा एक हौशी मूर्तिकार, अचलपूर तालुका

मखमलीवरून आठवले. मी एकदा सोनेरी लव असलेल्या शेंगा ओंजळीत घेतल्या आणि त्या खाजकुइलीच्या निघाल्या. संध्याकाळपर्यंत मी काही घडवले नाही, फक्त खाजवले. बिब्ब्याचा चीकही अंगावर फोड आणतो. हात लावण्याआधी झाड ओळखावे आणि दगडाखाली बोटे घालू नयेत.

गोधडी शिवणारी, आरमोरी तालुका, गडचिरोली

आमच्या घरी ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या कोशाचे पीक घेतात. कोसा अंड्यासारखा टणक असतो आणि त्याचा देठ डहाळीला कडे करून घट्ट बसलेला असतो. कानाशी हलवला की आतला जीव खुळखुळतो. पृष्ठभागावर नखाच्या टोकाने फिरले की बारीक सुरकुत्यांची जाळी लागते, कारण अळी तोंड इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फिरवत धागा सोडते. गोधडीचे टाके मी आधी सरळ रांगेत घालत असे, आता ते कोपऱ्यापाशी तसेच वळवते. आजीला ते वाकडे वाटतात.

कुंभाराची नात, पवनी तालुका, भंडारा

काचबिंदूने आजोबांची नजर गेली आहे. नुसती काळी माती फुगते आणि वाळताना तडकते, म्हणून ते तलावातला गाळ आणि वाळू मिसळतात. उन्हाळ्यात मी त्यांचा हात धरून तलावात उतरते, ते ढेकूळ अंगठ्याखाली चिरडतात आणि कण दातांखाली घेऊन वाळू किती हवी ते सांगतात. शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांनी दृष्टी गेल्यावरही भित्तिचित्र केले, हे मी नागपूरला शिकताना ऐकले होते. आजोबांना ते सांगितले, तर त्यांना त्यात नवल वाटले नाही.

मागच्या पोळ्याला त्यांनी मातीचा बैल केला. त्याचे वशिंड डावीकडे कलले होते, म्हणून ते सरळ करून देऊ का, असे मी विचारले. ‘आपला ढवळ्या असाच होता, वशिंडावर हात ठेवूनच मी त्याला पाण्यावर नेत होतो,’ असे म्हणून त्यांनी बैल माझ्या हातून परत घेतला.