थंडरचे दोन सेंटर: एकत्र खेळवायचे की पाळीपाळीने?

रिंगखालचा

2025 ची एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) फायनल ओक्लाहोमा सिटी थंडरने 4-3 ने जिंकली, पण त्यांच्या दोन सेंटरचं (रिंगखाली खेळणाऱ्या उंच खेळाडूंचं) भांडण मिटलेलं नाही. इंडियाना पेसर्सविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात कोच मार्क डेगनॉल्टने आयझाया हार्टेनस्टाईन या एका सेंटरला बेंचवर बसवलं, त्याच्या जागी केसन वॉलेस या गार्डला (बाहेरून चेंडू खेळवणाऱ्याला) सुरुवातीला आणलं आणि दुसऱ्या सेंटरला, चेट होमग्रेनला, एकट्याने रिंगखाली खेळवलं. इंडियानाने 56-39 असे रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतरचे चेंडू) लुटले, आणि त्यांच्या हॅलिबर्टनने 0.3 सेकंद उरले असताना सामना खिशात घातला. 111-110. चौथ्या सामन्यापासून हार्टेनस्टाईन परत सुरुवातीच्या पाचात!

माझं मत: सेंटरचं रोटेशन (कोण कधी खेळणार) आपल्या संघाकडे बघून ठरवावं, समोरच्याकडे बघून नाही. हिशेब सोपा आहे. सामना 48 मिनिटांचा. दोघांना प्रत्येकी 30 मिनिटं द्यायची आणि एकही मिनिट सेंटरशिवाय घालवायचं नाही, तर 12 मिनिटं दोघं एकत्र येणारच. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरची पहिली सहा-सहा मिनिटं दोघं एकत्र, मग एक आत, एक बाहेर. समोर डेन्व्हरचा सेंटर योकिच असो की फायनलमधला इंडियानाचा टर्नर, रोजचं तेच. खेळाडूला आपण कधी उतरणार हे ठाऊक असलं की पाय मोकळे राहतात.

झोन_डिफेन्स

सपशेल असहमत.

"आपला संघ" म्हणजे नक्की कोणता हो? त्या मोसमात थंडरने 68 सामने जिंकले, त्यातले निम्म्याहून जास्त ही जोडी एकत्र न खेळता आले. हार्टेनस्टाईनचा हात सराव सामन्यात मोडला, तो 20 नोव्हेंबरला उतरला. होमग्रेन 10 नोव्हेंबरलाच कंबरेचं हाड मोडून बाहेर गेला, तो 7 फेब्रुवारीला परतला. मधल्या दहा दिवसांत तर जेलन विल्यम्सला सेंटर म्हणून उभं केलं होतं, सहा फूट पाच इंचांच्या माणसाला! तरी गाडी चालूच होती. म्हणजे या संघाची खरी ताकद चेंडू हिसकावण्यात आहे. त्यांना दोन उंच माणसं लागतातच असं नाही.

आता त्या फायनलमधल्या इंडियानाचं बघा. तेव्हाचा त्यांचा मायल्स टर्नर सेंटर असून थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट) मारायचा. हॅलिबर्टन चेंडू घेऊन पेंटमध्ये (रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात) शिरतो, हार्टेनस्टाईन सवयीने एक पाऊल मागे रिंगकडे सरकतो, आणि मागून आरामात येणारा टर्नर रेषेबाहेर मोकळा. ते एक पाऊल तीन गुणांना पडतं. अशा संघासमोर ठरलंय म्हणून सहा मिनिटं दोघांना उभं करायचं? कोचला मग पगार कशाचा?

डॅलसकर

2024 मध्ये याच थंडरला आमच्या डॅलस मॅव्हरिक्सने 4-2 ने घरी पाठवलं, तेव्हा आमच्याकडे गॅफर्ड आणि लाइव्हली हे दोन सेंटर होते. गॅफर्ड सुरुवात करायचा, लाइव्हली बेंचवरून यायचा. पाळीपाळीनेच. सगळ्या सामन्यात रिंगखाली एक ताज्या दमाचा उडीबहाद्दर हजर, तेव्हा आमच्याकडे असलेल्या डोंचिचने चेंडू वर फेकायचा आणि यांनी कोंबायचा. होमग्रेन बिचारा एकटा. पहिल्या क्वार्टरमध्ये एकाशी झुंजला, दुसऱ्यात दुसरा हजर. वजनात मार खात होता पोरगा. त्या मालिकेनंतरच थंडरने हार्टेनस्टाईनला आणलं, तीन वर्षांचे 8.7 कोटी डॉलर मोजून. आता इतके पैसे देऊन आणलेला माणूस चेटला आराम देण्यासाठी वापरायचा की चेटच्या शेजारी उभा करायचा? माझं मत पहिल्याला. दमलेला सेंटर दोन फूट कमी धावतो आणि तिथेच बास्केट बसते.

रिंगखालचा

@डॅलसकर, तुमचे दोघं एकाच साच्यातले. दोघंही रिंगपासून लांब गेले की निरुपयोगी, म्हणून त्यांना एकत्र खेळवता येतच नव्हतं. आमच्या दोघांचं तसं नाही. होमग्रेन थ्री मारतो, म्हणजे तो कोपऱ्यात उभा राहू शकतो. हार्टेनस्टाईन फ्री थ्रो रेषेपाशी चेंडू घेतो, आमच्या गिलजस-अलेक्झांडरसाठी स्क्रीन लावतो (बचावपटूची वाट अडवून उभा राहतो), आणि ती स्क्रीन खरोखर अडवते; चेटची स्क्रीन लोक खांदा मारून पार करतात. पेंटमध्ये मध्येच थांबून हार्टेनस्टाईन तो एका हाताने ढकलल्यासारखा शॉट मारतो, तो अडवायला समोरचा सेंटर पुढे आला की मागे चेट मोकळा.

बचावात तर आणखीनच. योकिचला पाठीवर घेऊन हार्टेनस्टाईनने रेटारेटी करायची आणि चेटने मागून येऊन ब्लॉक करायचा (शॉट हवेतच अडवायचा). चेटचं बलस्थान मदतीला येण्यात आहे. त्याला सरळ योकिचच्या पुढ्यात उभा केला तर ते बलस्थान वाया गेलं.

झोन_डिफेन्स

योकिचचं नाव काढलंच आहे तर ऐका. त्याच 2025 च्या बाद फेरीत डेन्व्हरविरुद्धच्या पहिल्या सामन्यात योकिचने 42 गुण आणि 22 रिबाउंड घेतले, दोन्ही सेंटर हजर असताना. आणि सातव्या सामन्यात त्याला कोणी जखडलं? थंडरच्या अ‍ॅलेक्स करूसोने! गार्ड आहे तो. योकिचच्या पुढे उभा राहून पासच पोहोचू देत नव्हता. थंडर 125-93 ने जिंकले.

फायनलचंही अर्धंच सांगताय. त्याच छोट्या संचाने दुसरा सामना 123-107 जिंकला. हार्टेनस्टाईन सुरुवातीला असताना सहावा 108-91 हरला. पहिल्या सामन्यात शेवटच्या क्वार्टरमध्ये थंडर 15 गुणांनी पुढे होते, तो सामना काय सुरुवातीच्या पाचांनी घालवला?

बेंचवरचा

जेलिन विल्यम्स (वरचा जेलन नव्हे) नावाचा तिसरा सेंटर आहे या संघात, हे दोघांच्याही गावी नाही. त्याने दुखापतींच्या काळात खिंड लढवली. दोघांपैकी एकाला लवकर दोन फाऊल झाले की 12 मिनिटांचा तो सुंदर हिशेब कोलमडतो आणि मग ह्यालाच हाक मारतात. रोटेशन कागदावर दोघांचं, प्रत्यक्षात अडीच जणांचं.

अवांतर: सकाळी सहाला फायनल बघून नऊच्या लोकलला लटकणाऱ्यांचं रोटेशन कोणी ठरवेल का?

रिंगखालचा

15 गुणांची आघाडी कशी गेली तेच तर सांगतोय. इंडियानाने 25 वेळा चेंडू गमावला आणि तरी जिंकले. एवढे चेंडू फुकट मिळूनही हरायचं म्हणजे रिंगखाली किती मार पडला असेल! एका बाजूने कमावलं ते दुसऱ्या बाजूने रिबाउंडमध्ये दिलं. सातव्या सामन्यात होमग्रेनचे पाच ब्लॉक बघा, फायनलच्या सातव्या सामन्यातला विक्रम आहे तो. आपल्या माणसाला झेपेल अशा जागी उभा केलं की असं होतं.

हिशेबनीस

तुमच्या 12 मिनिटांचा निकाल कोच लावणार नाही, लेखापाल लावणार आहे. हार्टेनस्टाईनच्या करारातलं शेवटचं वर्ष 2026-27, आणि ते ठेवायचं की नाही हे संघाच्या हातात. होमग्रेनचा पाच वर्षांचा नवा मोठा करार त्याच वर्षी सुरू होतो, जेलन विल्यम्सचाही. पगारमर्यादेच्या बरंच वर गेलं की नवीन नियमांत दंड तर आहेच, खेळाडूंची देवाणघेवाण करायलाही हात बांधले जातात. मग रोज 10-12 मिनिटं एकत्र खेळणाऱ्या दुसऱ्या सेंटरला वर्षाला 2.85 कोटी डॉलर द्यायचे का, की जेलिनला बढती द्यायची?

झोन_डिफेन्स

@हिशेबनीस, द्यावेत. वेस्टमध्ये (थंडरच्याच गटात) योकिच आहे, वेम्बान्यामा आहे, ह्यूस्टनने तर शेंगून आणि स्टीव्हन अ‍ॅडम्स हे दोन सेंटर एकत्र उतरवले आहेत. दुसरा सेंटर हवाच. फक्त तो कुठल्या रात्री आठ मिनिटं खेळेल आणि कुठल्या रात्री बत्तीस, हे समोर कोण आहे ते बघूनच ठरवा.

रिंगखालचा

आठ मिनिटांसाठी 2.85 कोटी! हार्टेनस्टाईनचा एजंट तुम्हाला शोधत येईल.