ई-क्लासवरच्या उकिरड्यांच्या जागेत गावाची बाग: खारपाण पट्ट्यात जमेल का?

पूर्णाकाठ (दर्यापूर तालुका)

नमस्कार मंडळी. गावाला लागून ई-क्लासची, म्हणजे सरकारी चराईची, अर्धा एकर जागा आहे. तिथे पिढ्यान् पिढ्या उकिरडे होते, त्यात वेडी बाभूळ माजलेली. या उन्हाळ्यात आम्ही पोरं आणि बचत गटाच्या बाया मिळून जागा साफ केली. शेणखत ज्याचं त्यानं वावरात नेलं, बाभळी जेसीबीने मुळासकट काढल्या. आता तिथे बाग करायची आहे. कडेनं झाडं, मधे भाजीचे वाफे, जो राबेल त्याच्या घरी भाजी. मजुरी कोणालाच नाही.

अडचण जमिनीची आहे. आमचा खारपाण पट्टा, म्हणजे जमीनही खारी आणि बोअरचं पाणीही खारं. पाऊस पडला की पाणी वरच उभं राहतं, गढूळच्या गढूळ. वाळलं की जमीन खापरासारखी फुटते, वर पांढरी भुकटी. माती उकरली की गुटख्याच्या पुड्या आणि फुटक्या बांगड्या निघतातच. सरपंच म्हणतात जूनमध्ये झाडं लावून टाकू. मला झाडं जगलेली पाहायची आहेत. सुरुवात कुठून करू?

आंबाडीवाली ताई (मूर्तिजापूर)

भाऊ, आमची बाग शाळेमागे आहे, जमीन तुमच्यासारखीच. पहिल्या पावसाळ्यात भाजी लावूच नका. माती तपासा. नमुना चारपाच ठिकाणचा घ्या, वीतभर खोल, झाडाखालचा किंवा शेणाच्या ढिगाजवळचा नको. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात तपासणी होते. सामू (पीएच) 8.5 च्या वर आला तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेली, समजायची. मग जिप्सम किती टाकायचं ते अहवालावरून ठरवा, शेजाऱ्यानं टाकलं तेवढं नाही. जिप्सममधलं कॅल्शियम मातीतल्या सोडियमची जागा घेतं, पण सुटलेलं सोडियम वाहून जायला पावसाचं गोडं पाणी आणि उताराला चर लागतोच. चर नसेल तर जिप्समचा पैसा वाया.

जिप्समनंतर धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरा. अर्ध्या एकराला दहा किलो बियाणं पुरे. फुलावर आला की, म्हणजे दीड महिन्यात, जागेवरच गाडा. त्याआधी वरची माती चाळून काच वेचा, बाया अनवाणी निंदतात.

पाण्यासाठी कोपऱ्यात शेततळं खणा. आपल्या मातीत पाणी मुरत नाही याचा इथे फायदाच होतो, अस्तर नसलं तरी पावसाचं पाणी बरंच टिकतं. भोवती कुंपण मात्र हवंच, गावात लेकरं आहेत. बोअरचं पाणी वाफ्याला एकदाही देऊ नका, वर्षभराची मेहनत त्यात जाईल.

बकऱ्या आत येऊ नयेत म्हणून पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचं, कुंपण करू नका. गुलाबी बोंडअळी त्यात दडून राहते आणि शेजारच्या कपाशीवर जाते. काढलेल्या वेड्या बाभळीचेच फास, म्हणजे काटेरी फांद्या, लावा, पण शेंगा झोडून जाळून मग. एक शेंग राहिली तरी पुन्हा रान माजेल.

झाडं कडुनिंब, बोर, आवळा, करंज. भाजीत पालक, आंबाडी. चवळी आणि कांदा खाऱ्या जमिनीत रडवतात, ते जमीन सुधारल्यावर. वाफ्यांवर सोयाबीनचं कुटार पसरा.

आणि माणसांचं सांगते, कारण बागा तिथेच मोडतात. चैत्र-वैशाखात लग्नसराई असते, कोणी येत नाही. आम्ही उन्हाळ्यात वाफे बंदच ठेवतो, फक्त झाडांना पाणी. प्रत्येक घराला दोन झाडं वाटून दिली आहेत. बुडाशी माठ पुरलाय, त्याच्या भोकात चिंधीची वात. माठ भरायला एक म्हातारी आणि तिची नात पुरते.

निवृत्त तलाठी, अकोट

ताईंनी सगळं नीट सांगितलं. मी कागदाचं सांगतो. ई-क्लास म्हणजे सरकारी जमीन, ग्रामपंचायत नुसती सांभाळते. चराईची जागा दुसऱ्या कामाला वापरायची तर नुसत्या ठरावावर भागत नाही. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्या आणि तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा. सातबारा काढा, गाव नमुना 1-इ मध्ये अतिक्रमणाची नोंद आहे का तेही पाहा. गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सांगितलंय. तुमची बाग उद्या त्यात धरली जाऊ नये. उकिरडे ज्यांचे होते त्यांना दुसरी जागा आधी दाखवा, नाहीतर पोळ्यापर्यंत शेण पुन्हा तिथेच पडेल.

पूर्णाकाठ

ताई, काका, खूप आभार. उकिरड्यांच्या जागेचं आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हतं, आज रात्रीच पारावर तो विषय काढतो. सरपंचांना जूनऐवजी पुढच्या वर्षीचं सांगतो, रागावले तरी चालेल. माती सोमवारी अकोल्याला नेतो. दर्यापूर-अंजनगावकडे धैंच्याचं बियाणं कोणाकडे मिळेल?