चक्रीवादळ आणि टँकर: बोटीवरचे (आणि घरचे) अनुभव

कोकणदर्या
बातम्यांत मेक्सिकोच्या आखातातलं वादळ दाखवत होते, हार्वी चक्रीवादळ आठवलं. ऑगस्ट २०१७. मी सेकंड मेट (बोटीचा मार्ग आखणारा अधिकारी), क्रूड म्हणजे कच्चं तेल भरून टेक्सासच्या गॅल्व्हस्टन बंदराबाहेर अँकरवर, म्हणजे नांगर टाकून. २३ ला नुसतं डिप्रेशन (कमी दाबाचा पट्टा), २५ च्या रात्री टेक्सासला धडकलं तेव्हा पाचांपैकी कॅटेगरी ४! अशा वेळी अँकरवर थांबत नाहीत. खोल पाण्यात सुटायचं आणि ३४ नॉट (ताशी साधारण ६३ किमी) वाऱ्याच्या वर्तुळाबाहेर राहायचं. अंदाज चुकणार हे धरूनच चार्टवर ते वर्तुळ फुगवतात: २४ तासांच्या अंदाजाला १०० सागरी मैल, ४८ ला २००, ७२ ला ३००. मी काढत गेलो तर आखातात पळायला जागाच उरेना. कॅप्टन म्हणाला, "आता खोडरबर घेऊन बस."
लिहा तुमचंही.

मोदकपात्र
आमचे हे तिथेच, दुसऱ्या बोटीवर. २५ ला गणपती! उकड काढतेय आणि फोन ओट्यावर, ॲपवर यांचा ठिपका. ऋषिपंचमीच्या सकाळी, तिकडे रात्री वादळ किनाऱ्याला लागलं तेव्हा, ठिपका गायब. किनाऱ्यापासून लांब गेलं की फुकटच्या ॲपवर बोट दिसत नाही हे नंतर कळलं. सासूबाईंची अथर्वशीर्षाची आवर्तनं चालूच. आणि २९ ला मुंबई बुडाली. मी परळहून कंबरभर पाण्यातून घरी येतेय आणि यांचा मेसेज, "इथे मस्त ऊन पडलंय, तुझं काय?" 😡

पंपमन_रत्नागिरी
वहिनी 😂😂
भरलेली बोट बरी हो. रिकामी असली की नुसती नाचते, प्रोपेलर पाण्याबाहेर, इंजिन बोंबलतंय. मेसमध्ये टेबलावर ओली चादर घालायची, ताटं सरकत नाहीत. आमच्या कुकने पातेलं तारेने बांधलेलं, तरी डाळ भिंतीवर.

डेमरेजवाला
आम्ही ऑफिसात बसून शिव्या खाणारे. वादळ गेलं तरी चॅनल (बंदरात जायचा जलमार्ग) लगेच उघडत नाही, हे मालवाल्याला पटवून दाखवा! ह्यूस्टनला पाऊस थांबेना, चॅनलमध्ये गाळ. बोये (वाट दाखवणारे तरंगते खुणेचे पिंप) जागेवर आहेत का, खोली किती उरली, हे मोजल्याशिवाय बोट आत नेत नाहीत. बाहेर टँकरांची रांग. रिफायनऱ्याच बंद, क्रूड उतरवणार कुठे? उलट युरोपातून पेट्रोल भरून बोटी अमेरिकेला निघाल्या. काही करारांत वादळाने खोळंबा झाला तर डेमरेज (बोट ठरल्यापेक्षा जास्त अडकली की मालवाल्याने द्यायची भरपाई) अर्धंच लागतं. मग उशीर वादळामुळे की रिफायनरीमुळे, यावर ईमेलच ईमेल.

साईनऑफ_कधी
माझा रिलीव्हर (माझ्या जागी येणारा) ह्यूस्टनला हॉटेलात अडकलेला, मी बोटीवर. तो नाश्त्याचे फोटो पाठवायचा. जास्त बोलत नाही.

चिपळूणची_मावशी
अवांतर होतंय, पण भाच्याला जीपी रेटिंग (बोटीवर खलाशी व्हायचा कोर्स) करायचंय. एक जण 'सीट मिळवून देतो' म्हणून पैसे मागतोय. द्यावे का?

पंपमन_रत्नागिरी
मावशी, एक रुपया देऊ नका! डीजी शिपिंगच्या (जहाजांचं सरकारी खातं) साईटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे, आधी ती बघा. डोळेही तपासून घ्या, रंग ओळखता आले नाहीत तर मेडिकललाच अडकतो.

चिपळूणची_मावशी
बरं झालं विचारलं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, कुकर लावलाय.